फोन्स स्कूल ऑफ डेंटल हायजीन : बग्गीखान्यातील वर्गापासून विद्यापीठापर्यंत

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यावरील ब्रिजपोर्ट या कारखानदारीच्या शहरात १७ नोव्हेंबर १९१३ रोजी डॉ. आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स यांनी सुरू केलेला वर्ग हा डेंटल हायजिनिस्ट या व्यवसायाच्या शिक्षणाचा आरंभ मानला जातो. डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दातांवर साचलेले कीटण, मळ आणि डाग काढून दातांचे पृष्ठभाग गुळगुळीत करणारी, हिरड्यांची तपासणी करून नोंदी ठेवणारी आणि तोंडाची निगा कशी राखावी हे शिकवणारी परवानाधारक व्यक्ती होय; कीड कोरून दात भरणे किंवा दात काढणे ही कामे सर्वसाधारणपणे तिच्या अधिकारात येत नाहीत. तिच्याशी अनेकदा गल्लत केला जाणारा डेंटल असिस्टंट हा वेगळा व्यावसायिक असून, तो खुर्चीशेजारी राहून दंतवैद्याच्या हातात अवजारे देतो, तोंडातील लाळ व पाणी नळीने ओढून घेतो, दात भरण्याचे मिश्रण कालवतो, अवजारे निर्जंतुक करतो, परंतु दातांवरचे कीटण काढण्याचा परवाना सहसा त्याच्याकडे नसतो. या दोहोंपैकी पहिल्या व्यवसायाचे शिक्षण ज्या संस्थेत आकाराला आले तिचा इतिहास सलग नाही. ती १९१३ ते १९१६ अशी जेमतेम तीन वर्षे चालली, नंतर तेहतीस वर्षे ती अस्तित्वातच नव्हती, आणि १९४९ साली तिच्या संस्थापकाचे नाव घेऊन विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती पुन्हा उभी राहिली. मधल्या काळात ती एका पाठ्यपुस्तकाच्या, एका कायद्याच्या आणि ९७ प्रमाणपत्रधारक स्त्रियांच्या रूपाने टिकून होती, आणि संस्थेचा खरा प्रभाव पडला तो याच काळात.

आल्फ्रेड फोन्स यांचा जन्म ब्रिजपोर्ट येथेच १८६९ साली झाला. त्यांचे वडील सिव्हिलियन फोन्स हेही दंतवैद्य होते आणि काही काळ शहराचे महापौर होते. त्यामुळे दवाखाना आणि नगरपालिका या दोन्ही ठिकाणच्या कामकाजाची ओळख मुलाला घरातूनच झालेली असावी, आणि पुढे नगरपालिकेच्या शाळांत शिरकाव करून घेताना तिचा उपयोग झाला नसेल असे म्हणणे कठीण आहे. न्यूयॉर्क कॉलेज ऑफ डेंटिस्ट्रीमधून १८९० साली पदवी घेऊन ते वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले. योगायोगाने त्याच वर्षी डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन संशोधकाचा तोंडातील सूक्ष्मजीवांवरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अन्नातील साखर व पिष्ट यांवर जिवाणूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळवते, असे मिलर यांनी त्यात प्रयोगांच्या आधारे मांडले होते. दात किडतो तो आतून किंवा आनुवंशिक दौर्बल्यामुळे नव्हे, तर बाहेरून आणि ठरावीक प्रक्रियेने, हे एकदा मान्य झाल्यावर त्या प्रक्रियेला वाटेतच अडवता येईल काय, हा पुढचा प्रश्न अपरिहार्य होता. परंतु दंतवैद्यकाचा दैनंदिन व्यवहार मात्र कोरणे, भरणे, उपटणे आणि कवळी बसवणे यांतच गुंतलेला होता, कारण पैसे मिळत ते दुरुस्तीचे.

या प्रश्नाला व्यवहारातले उत्तर देणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ यांचे नाव अग्रगण्य आहे. आपल्या रुग्णांना दर महिन्याला बोलावून, दातांवरचे सर्व साचलेले थर काढून, लाकडी टोके आणि प्यूमिसची पूड (ज्वालामुखीतून निघणाऱ्या सच्छिद्र दगडाचे बारीक चूर्ण) यांनी प्रत्येक दाताचा प्रत्येक पृष्ठभाग घासून चकचकीत करण्याची त्यांची पद्धत होती. तिला प्रॉफिलॅक्सिस, म्हणजे रोग होण्यापूर्वीच करावयाचा प्रतिबंधक उपचार, असे म्हटले जाई. शतकाच्या वळणावर फोन्स यांनी स्मिथ यांचे विवेचन ऐकले आणि ही पद्धत आपल्या दवाखान्यात काही वर्षे राबवून पाहिली. तिचे परिणाम त्यांना पटले, परंतु त्याबरोबर एक साधी अडचणही उघड झाली. एका रुग्णाच्या सर्व दातांची अशी सफाई करण्यास बराच वेळ लागे, आणि प्रत्येक रुग्णाला वारंवार बोलवायचे ठरले, तर दंतवैद्याचा सगळा दिवस त्यातच जाऊन ज्या दातांना आधीच कीड लागली आहे त्यांच्याकडे पाहण्यास त्याला सवड उरणार नव्हती. या कामाला दीर्घ वैद्यकीय शिक्षणाची गरज नव्हती. गरज होती ती सरावलेल्या हाताची, चिकाटीची आणि समजावून सांगण्याच्या हातोटीची.

फोन्स यांच्या दवाखान्यात त्यांच्या चुलत नात्यातील आयरीन न्यूमन या मदतनीस म्हणून काम करत होत्या. त्यांना फोन्स यांनी १९०६ साली, प्रथम काढलेल्या दातांवर आणि नंतर रुग्णांवर, सफाईचे प्रशिक्षण दिले. दंतवैद्याच्या दवाखान्यात स्त्री मदतनीस असणे हीही तोपर्यंत फारशी जुनी गोष्ट नव्हती. न्यू ऑर्लिन्सचे सी. एडमंड केल्स यांनी १८८५ साली माल्विना क्वेरिया यांना आपल्या दवाखान्यात नेमले, ही डेंटल असिस्टंट या व्यवसायाची नोंदलेली सुरुवात समजली जाते, आणि त्या नेमणुकीमुळे एकट्या स्त्रियांना दवाखान्यात येणे निर्धोक वाटू लागले, हे तिचे तत्कालीन महत्त्व होते. न्यूमन यांच्या बाबतीत पाऊल याहून पुढचे होते, कारण येथे मदतनीस स्वतः रुग्णाच्या तोंडात अवजार घालत होती. कायद्याने हे चालेल काय, असा प्रश्न निघण्याआधीच राज्यातील दंतवैद्यांनी १९०७ साली दंतवैद्यक कायद्यात दुरुस्ती करून घेतली. परवाना नसलेल्या मदतनिसाने तोंडात कोणतीही क्रिया करू नये, असे तिच्यात म्हटले होते. मात्र दात साफ करण्याच्या क्रियेचा अपवाद ठेवला होता. फोन्स यांच्या कार्यपद्धतीचे एक वैशिष्ट्य येथे दिसते : वाद पेटण्याची वाट न पाहता कायद्याची चौकट आधी आखून घ्यायची आणि मग तिच्यात काम वाढवायचे. याउलट ओहायो राज्यात सिनसिनाटी येथील दंत महाविद्यालयाने १९१० च्या सुमारास डेंटल नर्स या नावाने असाच अभ्यासक्रम सुरू केला होता, परंतु राज्यातील दंतवैद्यांच्या विरोधापुढे तो काही वर्षांतच बंद पडला. अग्रक्रमाचा मान कोणाचा, हा वाद त्यामुळे अधूनमधून निघतो. सिनसिनाटीचा प्रयत्न आधीचा होता हे मान्य करूनही, टिकाऊ परंपरा निर्माण झाली ती ब्रिजपोर्टची, यात शंका नाही.

वॉशिंग्टन अव्हेन्यूवरील आपल्या दवाखान्याच्या आवारातील बग्गीखान्यात बदल करून फोन्स यांनी १९१३ साली वर्ग उघडला. पहिल्या तुकडीत तीसहून अधिक स्त्रियांनी नाव घातले, आणि ५ जून १९१४ रोजी त्यांपैकी २७ जणी अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडल्या. यांत शाळांतील शिक्षिका होत्या, प्रशिक्षित परिचारिका होत्या, दवाखान्यांत काम केलेल्या मदतनीस होत्या आणि काही दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. शिक्षिकांचा समावेश विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण फोन्स यांच्या कल्पनेतील हायजिनिस्ट ही मुळात शिक्षिका होती आणि तिच्या हातातील अवजार हे तिच्या शिकवणीचे एक साधन होते. डेंटल नर्स हे प्रचलित नाव टाळून त्यांनी हायजिनिस्ट हे नाव घेतले तेही याच दृष्टीने, कारण परिचारिका आजाऱ्याची सेवा करते आणि ही स्त्री निरोग्याला निरोगी ठेवणार होती.

अभ्यासक्रम अल्पावधीचा असला तरी उथळ नव्हता. शरीररचना आणि शरीरक्रिया, जिवाणूशास्त्र, निर्जंतुकीकरण, दातांची घडण, दंतक्षय, पायोरिया म्हणजे दाताच्या मुळाभोवतीच्या ऊतींचा पू होण्यापर्यंत जाणारा विकार, दातांची वेडीवाकडी ठेवण, आहार, मानसशास्त्र, इतकेच नव्हे तर उभे राहण्या-बसण्याची ठेवण यांवरही व्याख्याने होत. ही व्याख्याने देण्यासाठी फोन्स यांनी पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांतून नामवंत अध्यापक बोलावले. येल येथील जिवाणूशास्त्रज्ञ लिओ रेटगर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागाचे अधिष्ठाता एडवर्ड किर्क आणि ब्रिजपोर्टमधीलच दंतरचनातज्ज्ञ रॉबर्ट स्ट्रँग ही त्यांतील काही नावे. एका खासगी आवारातील बग्गीखान्यात अशी मंडळी शिकवायला येतात, ही गोष्ट फोन्स यांच्या प्रतिष्ठेची जितकी निदर्शक आहे तितकीच त्यांच्या सावधपणाचीही, कारण मदतनिसांना अर्धवट शिकवून रुग्णांवर सोडले जाते, या आक्षेपाला इतके उत्तर पुरेसे होते. प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थिनी प्रथम कृत्रिम जबडा बसवलेल्या पुतळ्यावर हात बसवत, मग एकमेकींच्या दातांवर काम करत आणि त्यानंतरच त्यांच्यासमोर शाळकरी मुले आणली जात. ही चढण आजही जगातील बहुतेक अभ्यासक्रमांत कायम आहे. पुतळ्याच्या जागी टायपोडाँट नावाचे प्लास्टिकच्या दातांचे प्रतिरूप आले आहे, एवढाच फरक.

व्याख्यानांची टिपणे एकत्र करून फोन्स यांनी १९१६ साली फिलाडेल्फियाच्या ली अँड फेबिगर या प्रकाशनसंस्थेमार्फत ‘माउथ हायजीन’ हा ग्रंथ संपादित केला. व्यवसायाचे हे पहिले पाठ्यपुस्तक होय. संस्था बंद झाल्यानंतरही तिचा अभ्यासक्रम इतरत्र शिकवला गेला तो या ग्रंथामुळे, आणि या अर्थाने वर्गापेक्षा ग्रंथाचे आयुष्य मोठे ठरले.

संस्थेच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध प्रकरण मात्र वर्गात नव्हे, तर ब्रिजपोर्टच्या प्राथमिक शाळांत घडले. हे शहर त्या वेळी झपाट्याने फुगत होते. १९१० च्या जनगणनेत १,०२,०५४ असलेली लोकसंख्या १९२० मध्ये १,४३,५५५ झाली, कारण पहिल्या महायुद्धाच्या मागणीमुळे येथील काडतुसांचे आणि बंदुकांचे कारखाने अहोरात्र चालू होते आणि हंगेरी, इटली, पोलंड अशा देशांतून आलेली कुटुंबे कामगार वस्त्यांत दाटीवाटीने राहत होती. या मुलांपैकी बहुतेकांनी दंतवैद्याचे तोंड पाहिले नव्हते, आणि ज्यांनी पाहिले होते त्यांनी ते दात उपटण्याच्या दिवशीच पाहिले होते. नगरपालिकेने प्रायोगिक कामासाठी ५,००० डॉलर मंजूर केल्यावर, १९१४ सालापासून पहिल्या तुकडीतील हायजिनिस्ट शाळांत रुजू झाल्या.

फोन्स यांनी या कामाचे चार भाग पाडले होते. हलवता येण्याजोगी खुर्ची शाळेत मांडून प्रत्येक मुलाच्या दातांची तपासणी, तक्त्यावर नोंद आणि सफाई करणे हा पहिला. वर्गातच सर्व मुलांच्या हाती ब्रश देऊन, कवायतीप्रमाणे एकसाथ घासण्याचा सराव घेणे हा दुसरा. मोठ्या मुलांना पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने देणे हा तिसरा. आणि मुलांबरोबर पत्रके पाठवून पालकांपर्यंत पोहोचणे हा चौथा. दात मिटून, ब्रश गोलगोल फिरवत वरच्या हिरडीपासून खालच्या हिरडीपर्यंत नेण्याची जी रीत लहान मुलांना अजूनही शिकवली जाते आणि दंतवैद्यकाच्या पुस्तकांत फोन्स पद्धत म्हणून येते, ती या कवायतींशी निगडित आहे. आजच्या ज्ञानानुसार तिच्याने दात आणि हिरडी यांच्या सांध्यातील मळ पुरता निघत नाही, म्हणून प्रौढांना ती सुचवली जात नाही. परंतु ज्याच्या मनगटाला बारीक हालचाल अजून जमत नाही अशा मुलासाठी ती योग्य आहे, आणि ती त्याच्यासाठीच रचली गेली होती. सफाईचे काम सर्वांत खालच्या इयत्तांपासून सुरू केले गेले, यामागेही हिशेब होता. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ पालकांना दुधाचीच वाटते, तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि सर्वांत आधी ती किडते, त्यामुळे तिला वाचवायचे तर पहिलीतल्या मुलापर्यंत पोहोचणे भाग होते.

पाच वर्षांनंतर परिणाम मोजण्यासाठी फोन्स यांनी जी तुलना केली ती त्या काळाच्या मानाने विचारपूर्वक होती. कार्यक्रम जेव्हा सुरू झाला तेव्हा पाचवीत असलेल्या, म्हणजे ज्यांना त्याचा काहीच लाभ मिळाला नव्हता अशा मुलांच्या नोंदी त्यांनी करून ठेवल्या होत्या; पुढे पहिलीपासून कार्यक्रमात वाढलेली मुले पाचवीत आल्यावर त्यांच्या नोंदी या जुन्या नोंदींशेजारी ठेवल्या गेल्या. कायमच्या दातांतील कीड लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आणि नापास होऊन त्याच इयत्तेत राहणाऱ्या मुलांचे प्रमाणही उतरल्याचे त्यांनी दाखवले. नापास मुलावर नगरपालिकेला दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो, म्हणून दातांवर केलेला खर्च शाळेच्या अंदाजपत्रकातच वसूल होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या कसोटीवर ही तुलना पूर्ण टिकत नाही. पाच वर्षांत शहरातील पगार वाढले, आहार बदलला, शाळांतील इतर वैद्यकीय सेवाही सुधारल्या, आणि या सर्वांचा वाटा वेगळा काढण्याची सोय त्या मांडणीत नव्हती. तरीही आधीची नोंद करून ठेवल्याशिवाय नंतरच्या यशाचा दावा करू नये, ही शिस्त एका खासगी दंतवैद्याने १९१४ साली पाळली, आणि आरोग्याच्या अनेक सार्वजनिक मोहिमांत ती नंतरही पाळली गेलेली नाही.

कनेक्टिकट विधिमंडळाने १९१५ साली हायजिनिस्टच्या कामाचे नियमन करणारा कायदा केला, आणि १९१७ साली आयरीन न्यूमन यांना त्याखाली पहिला परवाना मिळाला. दातांच्या उघड्या पृष्ठभागांवरील आणि हिरडीच्या मोकळ्या कडेच्या लगत खालील कीटण, थर व डाग काढण्याची मुभा हायजिनिस्टला असेल, तोंडातील अन्य कोणतीही शस्त्रक्रिया ती करणार नाही, आणि परवानाधारक दंतवैद्याच्या देखरेखीखाली ती त्याच्या दवाखान्यात किंवा सार्वजनिक अथवा खासगी संस्थेत काम करू शकेल, असा त्या कायद्याचा आशय होता. मर्यादित परवाना ही संकल्पना येथे स्पष्टपणे दिसते. म्हणजे एखाद्या व्यवसायाच्या विस्तृत अधिकारातून एक तुकडा वेगळा काढून, त्यापुरते शिक्षण आणि त्यापुरता हक्क दुसऱ्या वर्गाला देणे. या मर्यादेमुळेच दंतवैद्यांचा विरोध मावळला आणि व्यवसाय जन्माला आला. पुढे शंभर वर्षे हायजिनिस्टच्या संघटना जिच्याशी झगडत राहिल्या तीही हीच मर्यादा. कायद्यात संस्थांचा उल्लेख यावा, यामागे फोन्स यांच्या डोळ्यांसमोर शाळा होत्या, परंतु देखरेखीची अट त्याच वाक्यात असल्याने प्रत्यक्षात तोल दवाखान्याकडे झुकला.

तिसरी तुकडी बाहेर पडल्यावर फोन्स यांनी वर्ग बंद केला. तोपर्यंत ९७ जणी तयार झाल्या होत्या. हे अपयश नव्हते. एका व्यक्तीच्या आवारात चालणारे शिक्षण विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी उचलावे, अशी संस्थापकाचीच अपेक्षा होती आणि ती लगोलग पुरी झाली. १९१६ सालीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, छायाचित्रण-उद्योगातील जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीवर उभ्या असलेल्या रॉचेस्टरच्या दंत-दवाखान्यात आणि बॉस्टनच्या फोरसाइथ बालदंत रुग्णालयात असे अभ्यासक्रम सुरू झाले. क्लीव्हलंड येथे १९२३ साली अमेरिकन डेंटल हायजिनिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष विनिफ्रेड हार्ट या कनेक्टिकटच्याच होत्या. डेंटल असिस्टंटांची राष्ट्रीय संघटना ज्युलिएट साउथार्ड यांच्या नेतृत्वाखाली तिच्या पाठोपाठ, १९२४ साली उभी राहिली. १९३८ साली फोन्स निवर्तले तेव्हा त्यांचा व्यवसाय देशभर पसरला होता, परंतु त्याचे स्वरूप त्यांनी रेखाटलेल्या चित्रापेक्षा पालटले होते. शाळेतील हायजिनिस्ट विरळ झाली होती आणि खासगी दवाखान्यात, सहा महिन्यांनी येणाऱ्या पैसेवाल्या रुग्णाच्या दातांची सफाई करणारी हायजिनिस्ट हा नेहमीचा प्रकार बनला होता. ज्या मुलांसाठी हा व्यवसाय निर्माण झाला त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि नगरपालिकांची इच्छाशक्ती मंदीच्या काळात ओसरली, हे त्याचे मुख्य कारण दिसते.

शाळेपर्यंत जाण्याचा दुसरा मार्ग न्यूझीलंडने दाखवला. तेथे टी. ए. हंटर यांच्या पुढाकाराने वेलिंग्टन येथे १९२१ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणातून तयार होणाऱ्या सरकारी दंत-परिचारिका शाळांतील दवाखान्यांत मुलांचे दात स्वतः कोरून भरत आणि दुधाचे दात काढत. तेथील सरकार नोकरी देणारे होते म्हणून अधिकारही मोठे देता आले; अमेरिकेत नोकरी देणारा दंतवैद्यच असल्यामुळे अधिकार त्याच्या सोयीनुसार राहिले. फोरसाइथने न्यूझीलंडच्या धर्तीवर हायजिनिस्टांना दात भरण्यास शिकवण्याचा प्रयत्न १९४९ मध्ये आणि पुन्हा १९७० च्या दशकात केला, आणि दोन्ही वेळा व्यवसायाच्या विरोधामुळे तो थांबवावा लागला.

भारतात या परंपरेचा धागा पोहोचला तो कायद्यातून. कोलकात्यात १९२० साली देशातील पहिले दंत महाविद्यालय काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद हे अमेरिकेत आयोवा येथे शिकले होते आणि त्यानंतर बॉस्टनच्या फोरसाइथ रुग्णालयातच काम करत होते, म्हणजे हायजिनिस्टचे शिक्षण तेथे मूळ धरत असतानाचा काळ त्यांनी जवळून पाहिला होता. स्वातंत्र्यानंतर संमत झालेल्या १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या-दात बनवणारे डेंटल मेकॅनिक अशा तिन्ही वर्गांची नोंदणी सांगितली, आणि हायजिनिस्टची व्याख्या करताना दात खरवडणे, साफ करणे, चकचकीत करणे व तोंडाच्या स्वच्छतेचे शिक्षण देणे एवढी कामे गणली. ही यादी वाचणाऱ्याला कनेक्टिकटच्या मर्यादित परवान्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. व्यवहारात मात्र, मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयापासून आजच्या असंख्य खासगी महाविद्यालयांपर्यंत, भारतातील शिक्षण पदवीधर दंतवैद्याभोवतीच वाढले. दंतवैद्यांची संख्या विपुल आणि त्यांच्या उमेदीच्या वर्षांतील कमाई बेताची असल्याने स्केलिंग, म्हणजे कीटण काढण्याचे काम, ते स्वतःच करतात. खुर्चीजवळची मदत महाराष्ट्रातील बहुतांश लहान दवाखान्यांत काम करता करता शिकलेल्या मदतनिसांकडून होते, आणि दोन वर्षांची पदविका घेतलेला हायजिनिस्ट क्वचितच भेटतो. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा करून जुन्या अधिनियमाची जागा घेण्याची तरतूद केली असून, सहायक वर्गाची नोंदणी हा विषय त्यातही आला आहे.

ब्रिजपोर्टमध्ये संस्था पुन्हा जन्मली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९२७ साली स्थापन झालेले ज्युनियर कॉलेज ऑफ कनेक्टिकट हे १९४७ साली ब्रिजपोर्ट विद्यापीठ झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकन डेंटल असोसिएशनने हायजिनिस्टच्या शिक्षणाचे किमान निकष ठरवून दोन वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. नव्या विद्यापीठाला विभाग हवे होते, आणि निकषांमुळे खासगी वर्गांना यापुढे वाव नव्हता. या दोन गोष्टी जुळून १९४९ साली सीसाइड पार्कजवळच्या आवारात फोन्स स्कूल ऑफ डेंटल हायजीनची स्थापना झाली. १९१३ च्या वर्गात शिकवणारे रॉबर्ट स्ट्रँग या नव्या संस्थेच्याही उभारणीत होते, त्यामुळे दोन कालखंडांमध्ये नावाखेरीज एक जिवंत दुवाही राहिला. अभ्यासक्रमात आता रसायनशास्त्र, ऊतिशास्त्र, क्ष-किरण चित्रे घेणे आणि पोषणशास्त्र यांची भर पडली. १९५९ साली एस्थर विल्किन्स यांचा हायजिनिस्टच्या चिकित्सा-कामावरील ग्रंथ आला आणि ‘माउथ हायजीन’ची जागा त्याने घेतली, १९६२ पासून राष्ट्रीय पातळीवरील लेखी परीक्षा सुरू झाली.

शिक्षणाचा गाभा मात्र हातातच राहिला. लेखणीसारखे धरलेले अवजार, त्याच हाताचे अनामिकेचे टोक शेजारच्या दातावर टेकवून मिळवलेला आधार आणि त्या आधाराभोवती मनगट वळवून दिलेला छोटा, नियंत्रित झटका, ही कृती अंगवळणी पडेपर्यंत विद्यार्थ्याला महिनोन्महिने सराव करावा लागतो, कारण आधार सुटला की पाते हिरडीत शिरते. विळ्यासारख्या टोकाचा स्केलर हिरडीच्या वरचे कीटण काढतो, तर गोलसर पाठीचा क्युरेट हिरडीखाली मुळावर चालतो. अवजारांची ही विभागणी शिकताना विद्यार्थी प्रत्येक दाताच्या मुळांचा आकार डोळे मिटून सांगू शकला पाहिजे, अशी अपेक्षा असते. १९५० च्या दशकाअखेर ध्वनिलहरींच्या कंपनाने कीटण फोडणारे यंत्र आले आणि श्रम कमी झाले, परंतु शेवटची तपासणी आजही बारीक शोधक सळईने, स्पर्शावरच होते. याच सुमारास वेगवान ड्रिल आणि मागे झुकणारी खुर्ची आल्यामुळे दंतवैद्य बसून काम करू लागला आणि असिस्टंट त्याच्यासमोर बसून दोन हातांची भर घालू लागला. चार हातांची दंतचिकित्सा म्हणतात ती हीच, आणि असिस्टंटच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला तो तिच्यामुळे. एड्सची साथ सुरू झाल्यानंतर १९८६ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी हातमोजे, मुखपट्टी आणि वाफेच्या दाबाखालील निर्जंतुकीकरण सर्वांनाच बंधनकारक ठरवल्यासारखे केले, आणि तोपर्यंत असिस्टंटचे दुय्यम समजले जाणारे हे ज्ञान एकाएकी दवाखान्याच्या केंद्रस्थानी आले.

व्यवसाय पहिली पन्नास वर्षे स्त्रियांपुरता मर्यादित होता. अनेक राज्यांच्या कायद्यांत आणि संघटनेच्या घटनेतही तसे शब्द होते. ते १९६० च्या दशकात गळून पडले आणि १९६५ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातून जॅक ओरिओ हे पहिले पुरुष हायजिनिस्ट म्हणून बाहेर पडले, तरी प्रमाण आजही फारसे बदललेले नाही.

कनेक्टिकट राज्याने १९९९ साली, दोन वर्षांचा अनुभव असलेल्या हायजिनिस्टला शाळा, सार्वजनिक आरोग्यकेंद्रे आणि वृद्धांच्या संस्था यांत दंतवैद्याच्या देखरेखीविना काम करण्याची परवानगी दिली, आणि २००५ साली योग्य प्रशिक्षणानंतर जागेपुरती भूल देण्याचीही. हे दोन्ही बदल अभ्यासक्रमावर उमटले. फोन्स स्कूलमध्ये आता दोन वर्षांच्या सहयोगी पदवीबरोबरच पूर्ण पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे; पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ पद्धतीने चालते आणि त्यातून मुख्यतः अध्यापक व आरोग्य-कार्यक्रमांचे व्यवस्थापक तयार होतात. विद्यापीठ स्वतः मात्र १९९० च्या दशकाच्या आरंभी मोठ्या आर्थिक संकटात सापडले होते, तेव्हा त्याचा कारभार एका नव्या पाठीराख्या संस्थेकडे गेला, आणि २०२१ साली तो गुडविन विद्यापीठाकडे आला. या दोन्ही स्थित्यंतरांत फोन्स स्कूलचे नाव कायम राहिले, आणि तिच्या दवाखान्यात विद्यार्थ्यांकडून, अध्यापकांच्या नजरेखाली, शहरातील नागरिकांच्या दातांची सफाई होत राहिली.